नदीची चार वाक्यं

ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत सरळ बसवलं आणि म्हणाल्या, "हं, आता 'ई' म्हणा."

मी म्हटलं. म्हणजे मला वाटलं, मी म्हटलं. बाहेर आली ती नुसती हवा. तोंड न बांधलेला फुगा हातातून सुटावा तशी.

"परत."

परत हवा.

गळ्यातली गाठ साधीच निघाली, त्याची काळजी नव्हती. पण ती काढताना आवाजाच्या पडद्याकडे जाणारी एक नस दुखावली होती आणि दोन पडद्यांपैकी डावा जागचा हलत नव्हता. असं क्वचित कुणाचं होऊ शकतं, हे आधीच्या कागदावर लिहिलेलं होतं आणि खाली माझीच सही होती.

"येईल हळूहळू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सहा महिने, कदाचित वर्ष. पूर्वीसारखा येईलच, असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही."

मी तेव्हा बसस्थानकावर घोषणा करायचे. सतरा वर्षं करत होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येतेय, कुणाची पिशवी कुणाला सापडलीय, सगळं माझ्या तोंडून. हजारो लोकांना माझा आवाज पाठ होता आणि चेहरा एकालाही माहीत नव्हता. तर आवाज गेल्यावर मला आधी नोकरी आठवायला हवी होती. पण त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला आठवली नदी.

नदी म्हणजे काय हे सांगायचं, तर आधी खेळाचं सांगायला हवं.

मी एकोणीस वर्षांची होते. आतेबहिणीने घर बदलताना नको असलेलं एक खोकं आमच्याकडे आणून टाकलं. त्यात पाठपुठ्ठा सुटलेलं एक जाडजूड पुस्तक होतं आणि सहा फासे. एक चार बाजूंचा, टोकदार, चुकून पायाखाली आला की ब्रह्मांड आठवायचं. एक वीस बाजूंचा, जवळजवळ गोल. मी आणि माझी धाकटी बहीण ते पुस्तक घेऊन बसलो. त्यातली परकी भाषा आम्हाला अर्धीमुर्धीच येत होती, पण एवढं कळलं की या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत आणि कुणी जिंकतही नाही. एकाने सूत्रधार व्हायचं आणि एक जग बोलून उभं करायचं. बाकीच्यांनी त्या जगातलं एकेक माणूस व्हायचं. सूत्रधार सांगणार, तुम्ही दारापाशी उभे आहात, आतून काहीतरी खरवडल्याचा आवाज येतोय, काय करता? तुम्ही म्हणाल ते केलं. जमेल की नाही अशी शंका आली, तर फासा ठरवणार.

जिथे पुस्तक कळलं नाही तिथे मी मनानेच नियम ठोकून दिले. आठ वर्षांनी एका जाणत्या खेळाडूशी गाठ पडली, तेव्हा कळलं की आमचे निम्मे नियम जगात दुसरं कुणीच पाळत नाही.

आई म्हणायची, "दोघी दुपारभर बसून नुसत्या बोलता. यात खेळ कुठला आला?" मग स्वतःच भाजी निवडायच्या निमित्ताने दारात बसून ऐकायची, आणि माझ्या बहिणीचा रानटी योद्धा विहिरीत पडला तेव्हा सगळ्यात आधी तीच ओरडली होती.

पुढे माणसं आली, गेली. कुणाचं लग्न झालं, कुणाची बदली. गेली दहा वर्षं मात्र तिघं टिकून होती. एक माझी बहीण, जी आता लिफ्ट दुरुस्त करते आणि खेळात अजूनही तोच रानटी योद्धा असते. दुसरा वेल्डर, माझ्या शाळेतला मित्र. दिवसभर लोखंड जोडणारा हा माणूस खेळात म्हातारा, भित्रा मांत्रिक होतो. आणि तिसऱ्या गणितबाई. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. आयुष्यात त्या कधी खोटं बोललेल्या नाहीत, म्हणूनच बहुधा खेळात अट्टल चोर आहेत. दर रविवारी तीन वाजता माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हे तिघं यायचे.

सहा वर्षं आमची एकच गोष्ट चालू होती. एका राजाने एक नदी कैद करून ठेवलेली. तिचे सात तुकडे करून सात कुलपांत बंद केलेले. नदी हे त्या जगात एक माणूसच होतं, आणि शंभर वर्षं ती बोललेली नव्हती. या तिघांनी एकेक कुलूप शोधायचं. शेवटचं उघडलं की नदी बोलणार होती. काय बोलणार ते मी दुसऱ्याच वर्षी लिहून ठेवलं होतं. चार वाक्यं. त्यांना कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि आता सहा कुलपं उघडून झाली होती.

दवाखान्यातून घरी आले त्याच संध्याकाळी तिघंही भेटायला आले. गणितबाईंनी येताना शाळेतली एक जुनी पाटी आणि खडू आणले होते.

बहीण म्हणाली, "ताई, तू बरी होईपर्यंत खेळ मी चालवते. तू नुसती बस."

मी पाटीवर लिहिलं, "नाही."

"बरं, मग थांबू या थोडे महिने. कुठे पळून जातोय खेळ?"

"नाही" अजून पुसलेलंच नव्हतं. मी त्याच्याखाली रेघ मारली.

"अगं मग करायचं काय?"

मी पाटी पुसली आणि लिहिलं, "रविवारी. तीन वाजता."

वेल्डर म्हणाला, "पाटीवरसुद्धा हिचा आवाज चढाच आहे."

त्या रविवारी आमचा बट्ट्याबोळ झाला. एक पूल ओलांडायला चाळीस मिनिटं लागली. मी लिहायचे आणि ते तिघं माना वेळावून माझ्या खडूच्या टोकाकडे बघत बसायचे. मी लिहू लागले, "पुलाखाली का", तोवर वेल्डर ओरडला, "कासव!" गणितबाई म्हणाल्या, "कावळे." बहिणीने तलवार उपसली सुद्धा. मला लिहायचं होतं "काहीतरी हललं". आता त्यात भ्यायचं काय शिल्लक राहिलं होतं?

पुढच्या रविवारी मी फोनमधला वाचून दाखवणारा आवाज वापरून बघितला. गुहेतल्या राक्षसाची धमकी मी मोठ्या प्रेमाने टाइप केली. फोनने ती अशा सुरात वाचली, की वाटावं, आता आपला फोन योग्य त्या विभागाकडे वळवला जाईल. राक्षस "हाडं" म्हणाला की "हाड" म्हणाला यावर वाद झाला. सगळे पोट धरून हसले. मीही हसले, आणि तेव्हा कळलं की आवाज न करता हसलं की टाके जास्त दुखतात. मी फोन ड्रॉवरमध्ये ढकलला.

दीड महिन्याने मी कामावर रुजू झाले. स्थानकप्रमुख माणूस चांगला होता, पण अवघडलेला. म्हणाला, "बाई, तुमचं जुनं रेकॉर्डिंग आहे आपल्याकडे. गावं, वेळा, फलाटांचे आकडे, सगळं. तुकडे जोडून भागतंय काम. तुम्ही अजिबात ताण घेऊ नका." आणि त्याने मला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. तिथे छत्र्या होत्या, डबे होते, एकेकट्या चपला होत्या आणि एका बरणीत कुणाची तरी कवळी होती. डोक्यावर स्पीकर होता. त्यातून मी दिवसभर बोलत असायचे, ठणठणीत, स्वच्छ, एकही शब्द न अडखळता. आणि खाली मी तोंड मिटून छत्र्यांना चिठ्ठ्या बांधत असायचे.

बहिणीने एक दिवस भीत भीत विषय काढला. खेळाचं रेकॉर्डिंग तिच्या फोनवर होतं, वर्षानुवर्षांचं. "ताई, स्थानकावर करतात तसं आपणही करू. तुकडे जोडू. तुझेच शब्द, तुझाच आवाज."

मी लिहिलं, "तो आवाज स्थानकावर नोकरी करतो. तो रविवारी येणार नाही."

तिने फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "मला कळतंय. पण तू नुसती हट्टाला पेटली आहेस ना, याची मला भीती वाटते."

हट्ट होताच. पण हट्टाला काम लागतं. हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत तासन्‌तास कुणी फिरकायचं नाही. मी तिथे बसून विचार करायला लागले, की सूत्रधाराने स्वतःच्या तोंडाने बोलायलाच हवं असं नेमकं किती असतं? मी जुने सगळे रविवार आठवून बघितले. मला धक्काच बसला. मी वर्षानुवर्षं फार बोलत होते. दाराचं वर्णन, दाराच्या कडीचं वर्णन, कडीवरच्या गंजाचं वर्णन. मला माझा आवाज आवडायचा, एवढंच त्यामागचं कारण होतं.

मग मी पाकिटं तयार केली. चोर पहारेकऱ्याला भेटायचा झाला, की मी वेल्डरच्या हातात पाकीट ठेवायचे. आत लिहिलेलं असायचं, "पहारेकरी तू आहेस. सकाळपासून उपाशी आहेस. दार उघडणार नाहीस, पण स्तुतीला भुलतोस." पुढचं वेल्डर आणि गणितबाई बघून घेत. खरवडल्याचा आवाज हवा असला तर टेबलाखाली पॉलिश पेपर घासायचा. घंटेला पेला आणि चमचा. नकाशा मी जुन्या चादरीवर काढला आणि जो प्रदेश पार झाला तो कात्रीने कापून टाकायला लागले. परत फिरायची सोय नाही, हे त्यांना न सांगता कळलं. फासा टाकायचा असला की मी नुसतं एक बोट वर करायचे, आणि तिघांचाही जीव टांगणीला लागायचा.

गणितबाईंना एकदा तुरुंगाधिकाऱ्याचं पाकीट मिळालं. त्यांनी ते शांतपणे वाचलं, घडी घातली, चष्म्यावरून बहिणीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उठा. कुणी बसायला सांगितलं तुम्हाला?"

माझी बहीण, चाळिशीकडे झुकलेली, दोरावर लटकून लिफ्टच्या तारा बदलणारी बाई, ताडकन उभी राहिली.

"तीस वर्षांची तालीम आहे ही," वेल्डर हळूच म्हणाला.

"आणि तुम्ही हसताय कशाला? बाकावर उभे राहा," गणितबाई म्हणाल्या. बाक नव्हता, म्हणून तो स्टुलावर उभा राहिला.

खेळ सुधारला होता. पण नदीचं काय? नदीचं पाकीट मी कुणाच्याच हातात देणार नव्हते.

वाचा-उपचारांसाठी मी आठवड्यातून दोनदा ज्या मुलीकडे जायचे, ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आणि फार कडक होती. कुजबुजायला सक्त मनाई, त्याने घशाला जास्तच ताण पडतो म्हणे. पेल्यातल्या पाण्यात नळी बुडवायची आणि गुणगुणत बुडबुडे काढायचे. दिवसातून सहा वेळा, पाच-पाच मिनिटं. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "आवाज परत कशासाठी हवाय? काहीतरी नेमकं सांगा. 'सगळ्यासाठी' असं सांगू नका."

मी पाटीवर लिहिलं, "मला एकदा नदी व्हायचंय."

तिने ते दोनदा वाचलं. इतर कुणी हसलं असतं. ती म्हणाली, "किती वाक्यं?"

"चार."

"दाखवा."

मी कागद काढला. तिने पेन्सिल घेतली आणि पहिल्याच शब्दावर काट मारली! "'इथेच होते मी' नको. 'इ'ने सुरुवात केलीत तर घसा आवळाल. 'म'ने करा. ओठ मिटून गुणगुणता येतं, त्यातूनच शब्द सुटेल." मला असा राग आला! सहा वर्षांची माझी नदी, आणि ही पोर तिचं व्याकरण तपासतेय. तणतणत घरी आले. नळीने बुडबुडे काढता काढता शब्द फिरवून बघितले. आणि नाइलाजाने मान्य करावं लागलं, "मी इथेच होते" जास्त चांगलं होतं. मग चारही वाक्यं 'म'वर आणली.

मी इथेच होते.

माझ्यावरून शंभर वर्षं चालत गेलात, तरी मी इथेच होते.

मला वाट दाखवू नका, मला ती पाठ आहे.

मागे सरा.

चौथ्या महिन्यात 'म' आला. नुसता 'म', भुंग्यासारखा, जेमतेम. त्यानंतर तीन आठवडे काहीच नाही. त्या आठवड्यांमध्ये एका दुपारी स्पीकरमधली मी पंधरा-पंधरा मिनिटांनी एकाच गाडीचा उशीर सांगत होते, इतक्या मिठास आवाजात, की माझं डोकं फिरलं. खुर्चीवर चढले आणि स्पीकरची वायर उपटली. थोड्या वेळाने स्थानकप्रमुख डोकावला. वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. "इथला आवाज गेला वाटतं," असं बोलून बसला आणि जीभ चावली.

मी वहीत लिहून त्याच्यापुढे सरकवलं. "हरवला. नोंद केली आहे."

वायर जोडायला कुणी आलं नाही. त्या शांततेत मी छत्र्यांसमोर सराव करायला लागले. पाचव्या महिन्यात "मी" आला. सहाव्यात "मी इथेच" पर्यंत पोचले आणि श्वास संपला. उजवा पडदा डाव्याला गाठायला जास्त पुढे सरकायला शिकत होता. हे सगळं मी घरी कुणाला ऐकवलं नाही. आवाज थोडासाच होता, तो उधळायचा नव्हता.

आठव्या महिन्यात त्यांनी सातवं कुलूप फोडलं. फासा वेल्डरच्या हातात होता. अठरा पडले, तिघंही ओरडले, आणि मग सवयीने माझ्या पाटीकडे बघायला लागले.

मी पाटी पालथी घातली आणि उभी राहिले. सतरा वर्षं मी माइकपुढे बसूनच बोलले होते.

"मी इथेच होते."

खरखरीत. निम्मी हवा. पण शब्द होते. बहिणीने दोन्ही हात तोंडावर धरले. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"माझ्यावरून शंभर वर्षं..." इथे आवाज तुटला. मी श्वास घेतला. "चालत गेलात, तरी मी इथेच होते."

तिसऱ्या वाक्यासाठी ओठ मिटले, आणि गणितबाईंनी हात वर केला.

"थांबा. मला तिला काही विचारायचंय." त्यांचे डोळे भरलेले होते, पण आवाज चोराचा होता. "बाई गं, तू सुटलीस हे बरं झालं. पण खाली तुझ्या कोरड्या पात्रात एक गाव वसलंय. आम्ही तिथे राहून आलो. लेकरंबाळं आहेत. तू निघालीस तर त्यांचं काय?"

ते गाव मीच तिसऱ्या वर्षी तिथे वसवलं होतं, तेही सहज, त्यांना एका मुक्कामाला जागा हवी म्हणून. नदी सुटली की ते बुडेल, हे माझ्या ध्यानीमनी आलं नव्हतं. ध्यानात राहिलं ते चोराच्या. आणि "मला वाट दाखवू नका" हे आता मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

चार वाक्यं मी आठ महिने घोटली होती. पाचवं माझ्याकडे नव्हतं.

हात आपोआप पाटीकडे गेला. खडू उचललासुद्धा. मग तो खाली ठेवला.

"मला..." मी म्हटलं. पुढे नुसती हवा गेली. मी पाणी प्यायले. कुणी माझं वाक्य पुरं केलं नाही. सिग्नलला हिरवा दिवा लागायच्या आत हॉर्न वाजवणारा वेल्डर टेबलावर हात ठेवून शांत बसला होता.

"मला... माहीत... नव्हतं."

"आता माहीत झालं," बहीण म्हणाली. ती रानटी योद्ध्याच्या आवाजात बोलत होती, म्हणजे बोलायचा प्रयत्न करत होती. "किती वेळ थांबशील?"

"शंभर... वर्षं... थांबले." श्वास. "अजून... दोन... दिवस."

मग मांत्रिकाने तीन मागितले. चोराने चार मागितले आणि वर गावकऱ्यांना नवी जमीनही मागितली. मी घासाघीस केली, एका श्वासाला एक शब्द अशी. मध्ये दोनदा आवाज पार गेला. दोन्ही वेळा ते थांबले, आणि दोन्ही वेळा तो परत येईपर्यंत मी उभी राहिले. शेवटी तीन दिवस आणि उजव्या काठावरची टेकडी यावर सौदा पटला. सगळं मिळून वीस मिनिटं. तिसरं आणि चौथं वाक्य बोलायची वेळच आली नाही. पुढचे पाच रविवार आम्ही ते गाव उचलून टेकडीवर नेण्यात घालवले, आणि सहा वर्षांतले सगळ्यात चांगले रविवार ते होते.

उपचारवाल्या मुलीला मी तोंडानेच सांगितलं, "चारातली दोनच झाली."

"आणि मग?"

"मग त्यांनी प्रश्न विचारले."

"उत्तरं दिलीत?"

"दिली."

तिने माझी फाइल उघडली, 'चार वाक्यं' यावर काट मारली आणि लिहिलं, 'संभाषण, वीस मिनिटं'.

त्याच आठवड्यात मी स्थानकप्रमुखाच्या खोलीत गेले. पाटी नेली नाही. म्हटलं, "मला चौकशीची खिडकी द्या."

तो दचकला. "बाई, तिथे गोंगाट किती असतो! लोकांना ऐकू नाही आलं तर?"

"परत सांगेन."

"नाहीच आलं तर?"

"परत."

त्याने एक महिना बघू म्हणून खिडकी दिली. त्याला आता वर्ष झालं. डॉक्टरीणबाई म्हणतात, यापुढे फारसा फरक पडणार नाही, आहे तो हाच. घोगरा आहे, दमला की मध्येच फाटतो. बाहेर फलाटांवर अजून जुनीच मी बोलते, बोलू दे. माझ्या खिडकीशी लोक वाकतात, कान जाळीला लावतात, काही वैतागतात. काल एका आजोबांना मी एकच वेळ पाच वेळा सांगितली. पाचव्यांदा त्यांनी कोटाच्या खिशातून कानाचं मशीन काढलं, कानात बसवलं आणि म्हणाले, "हां, आता बोल पोरी."

मी सहाव्यांदा सांगितली.